शेणाचं विरजण

चार वर्षांपूर्वी आमच्या मुलाने जालन्याच्या घराच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसवलं. बसवणारा माणूस खाली उतरला, हात झटकले आणि मला म्हणाला, "आजी, आता फुकटात गरम पाणी. सूर्याचं बिल येत न्हाई." मी म्हटलं, "बरं बाबा, चहा घेऊन जा." वर्ष सरायच्या आत आमच्या बोअरच्या जड पाण्याने नळ्यांना आतून पांढरी पुटं धरली. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा नळातून जे येतं त्याला गरमही म्हणता येत नाही आणि गारही. सून कुरकुरते. मी कुरकुरत नाही. इतर दिवशी पाणी छान तापतं, हे मला पुरतं. शिवाय फुकट या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. तरणी होते तेव्हा मी शेणाला फुकट म्हणाले होते, आणि त्या शहाणपणापायी सासूबाईंचा उरलेला एकुलता एक डोळा घालवायला निघाले होते.

तेव्हा आम्ही परतूरकडच्या एका खेड्यात राहत होतो. जालना नुकताच जिल्हा झाला होता. मी जालन्यात, मस्तगडात वाढलेली, मॅट्रिक पास. गावात मॅट्रिक झालेली दुसरी बाई नव्हती, त्यामुळे माझ्या मते मी कलेक्टरच्या खालोखाल होते. त्या वेळची मी तुम्हाला वाटेत भेटले असते, तर तुम्ही रस्ता बदलला असता. गावातल्या बायका बदलायच्या. मला वाटायचं, माझा मान ठेवून बाजूला होतात.

सासूबाईंचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. कणसं खुडताना ज्वारीचं धाट डोळ्यात घुसलं होतं. उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. त्या ज्वारी निवडायच्या तेव्हा खडे सुपात राहायचे आणि दाणे बाहेर पडायचे. मी बोलले तर म्हणायच्या, "खडे बी तुमच्याच रानातले हायेत, खा."

ऑपरेशन करायचं हे ठरलेलं होतं. अडत होतं ते धुरावर. आमचं घर दोन खणांचं. एका खणात चूल, दुसऱ्यात माणसं, मध्ये नुसता उंबरा. कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्या हे आमच्याकडचं सरपण. पऱ्हाटी पेटते भडाभडा, पण ओलसर असली की असा धूर करते की घरातला माणूस खोकल्यावरून ओळखावा लागतो. ऑपरेशननंतर चाळीस दिवस धूर चालणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, चाळीस दिवस जालन्याला माझ्या माहेरी राहा. त्यावर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की निम्म्या डोळ्याला एवढं जमत असेल तर पूर्ण डोळा नकोच, असं वाटलं.

"व्याह्याच्या दारात चाळीस दिवस ताट घेऊन बसू? लेक असती तर गेले असते. मला लेक न्हाई."

"मंग इथं धूर हाय, आत्याबाई."

"म्हणूनच म्हणते, राहू दे. एकच डोळा हाय माझा. त्याचा जुगार मी खेळत न्हाई. आता निदान उजेड-अंधार तरी कळतो."

त्या गप्प बसल्या. मी बसले नाही. मॅट्रिक होते ना.

पहिला प्रयोग सूर्यचुलीचा. पंचायत समितीच्या आवारात एका साहेबांनी ती मांडून दाखवली. पत्र्याची पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा, पेटीत काळ्या रंगाचे चार डबे. सकाळी ठेवलेलं वरण दुपारी शिजून निघालं, तेव्हा जमलेल्या बायकांत टाळ्या वाजवणारी मी एकटी. पेटी घरी आणली. वरण शिजलं, भात शिजला, रताळी तर इतकी गोड झाली की आमच्या ह्यांनी दोनदा मागून खाल्ली. सासूबाईंनी सगळं चाखलं आणि विचारलं, "भाकर कधी टाकती?"

"ह्यात भाकर होत न्हाई, आत्याबाई."

"मंग भाकर कशावर?"

"चुलीवर."

"म्हंजी धूर हायेच. बिचारा सूर्य दिवसभर तापला, त्यानं काय केलं मंग? वरण?"

आणखीही अडचणी होत्या. रानात जाणाऱ्या माणसाला भाकरी सकाळी सातला लागते, आणि आमच्या अंगणातल्या लिंबाच्या सावलीतून ऊन बाहेर यायला नऊ वाजायचे. दर अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे फिरवावी लागायची. झाकणातल्या आरशात आमच्या कोंबड्याला दुसरा कोंबडा दिसला आणि त्यांचं वैर जुंपलं. मी काठी घेऊन पेटीची राखण करत बसायची. सासूबाई ओट्यावरून विचारायच्या, "सूनबाई, शिजलं का, का अजून चोच मारून राह्यलाय?" शेवटी पेटी घराच्या माळवदावर, अडगळीत गेली.

मग गोबरगॅस. याचीही माहिती त्याच साहेबांनी दिली. खोल विहिरीसारखा बांधलेला खड्डा, त्यात पाण्यात कालवलेलं शेण, आणि वर उलटी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस झाला की टाकी वर उचलायची, वापरला की खाली बसायची. नळीने गॅस घरातल्या शेगडीत. धूर नाही, भाकरी होते, आणि कुजून बाहेर पडलेली रबडी रानाला खत. घरी दोन बैल, एक गाय, एक म्हैस होती. मी साहेबांना म्हटलं, "आमचं शेण तर फुकटच आहे." साहेब म्हणाले, "वा." आम्ही दोघंही शिकलेले होतो.

शेण फुकट नव्हतं. ते मावशीचं होतं. मावशी म्हणजे रोज सकाळी आमचा गोठा झाडायला येणारी बाई. माझ्या सासूबाईंपेक्षा थोडी लहान, सडसडीत, बोलायला कमी. गोठा झाडायचा आणि त्याबद्दल दोन पाट्या शेण न्यायचं, हा तिचा हक्क माझ्या लग्नाच्या आधीपासून चालत आलेला. त्याच्या ती गोवऱ्या थापायची आणि तिची चूल त्यावर पेटायची. टाकीला रोज किती शेण लागेल ते साहेबांनी सांगितलं होतं, आणि तेवढं तर आमच्या चार जनावरांचं मिळूनच होत होतं. मी तिच्या पाट्या बंद केल्या. शेणाऐवजी ज्वारी वाढवून देते म्हटलं.

मावशी म्हणाली, "ज्वारी कशावर भाजू?"

"पऱ्हाट्या घेऊन जा."

"बरं बाई. शेण तुमचं."

सासूबाई आतून ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "गोठा तुझा हाय, जनावर तुझं हाय. शेण तिचं हाय. तुझ्या पुस्तकात नसंल लिहिलेलं." मी ऐकलं नाही. मला वाटलं, जुनी माणसं.

गवंड्याने खड्डा बांधला, वर टाकी बसली, पण तो भरायला घरचं शेण पुरेना. मग मी पाटी घेऊन निघाले. मॅट्रिक पास बाई, डोक्यावर पदर, काखेत पाटी, आणि नजर बैलांच्या मागे. बैलाने शेपूट उचललं की माझा जीव हरखायचा. आमचे बैल रानात जाऊन शेण टाकायचे तेव्हा मला वाटायचं, घरचा गॅस बांधावर सांडला. ह्यांना म्हटलं, "बैलांना घरी येईस्तोवर थांबवता येत न्हाई का?" हे म्हणाले, "बैलाला तू सांग. तुझं सगळेच ऐकतात." शिवाय जेवढ्या बादल्या शेण तेवढ्या बादल्या पाणी. ते विहिरीवरून कोण आणणार? मीच. फुकट गॅससाठी माझी कंबर दोन महिने वाकडी होती.

एवढं करून पहिल्यांदा टाकी वर आली, तर गॅस पेटेना. पहिला सोडून द्यायचा असतो हे मला कळेपर्यंत मी तीन काड्यापेट्या संपवल्या. मग एका दिवशी पेटला. निळा, आवाज करणारा, देखणा. मी सासूबाईंना हाताला धरून शेगडीसमोर आणलं. त्यांना निळा जाळ दिसलाच नाही. म्हणाल्या, "कुठाय?" मी त्यांचा हात जवळ नेला. त्यांनी झटकन मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला.

"धूर न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

त्या बराच वेळ हात शेकत बसल्या. मग म्हणाल्या, "दिवाळी झाली की जाऊ जालन्याला."

ऑपरेशनची शिबिरं आमच्याकडे थंडीतच व्हायची, थंडीत जखम चांगली भरते म्हणून. आठ दिवस त्या जालन्याला पाठीवर पडून होत्या. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला पाठ म्हणायला लावलं. वाकायचं नाही. डोक्यावरून पाणी नाही. जड उचलायचं नाही. घाण हात डोळ्याला नको. खोकला येऊ द्यायचा नाही. धूर मुळीच नको. चाळीस दिवसांनी या, मग चष्मा. डोळा राहिला की गेला ते तेव्हा कळेल.

सासूबाई म्हणाल्या, "खोकला काय माझ्या बापाचा नोकर हाय? येऊ द्यायचा न्हाई म्हंजी?"

आगगाडीने परतूरला आणि तिथून बैलगाडीत कडब्यावर गोधडी टाकून त्यांना घरी आणलं. डोळ्यावर पट्टी, पट्टीवर हिरवं फडकं. पहिले बारा दिवस घर कसं होतं सांगू, मंदिरासारखं. शेगडीवर भाकरी फुगत होती, भिंती काळ्या होत नव्हत्या, सासूबाई खोकत नव्हत्या. मी उंबऱ्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोबरगॅसवर व्याख्यान द्यायची. शेणात बारीक जीव असतात, ते दिसत नाहीत, ते शेण खातात आणि गॅस सोडतात, वगैरे. लोक म्हणायचे, "असं का." आणि लवकर निघायचे.

आता माझी करामत. डॉक्टरांनी घाण नको म्हटलं होतं. त्यांच्या दवाखान्यात फेनाईलचा वास यायचा, त्यामुळे माझ्या डोक्यात बसलं की जिथे फेनाईल तिथे डोळा बरा होतो. येताना मी जालन्याहून फेनाईलचा मोठा डबा आणला होता. उंबरा पुसला, ओटा धुतला, अंगणात सड्याला शेणाऐवजी फेनाईलचं दुधाळ पाणी शिंपलं. आणि गोठा आमच्या घराला लागूनच, माश्या तिथूनच येणार, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोठाही बादल्या ओतून फेनाईलने धुतला. गोठ्याची नाली गवंड्याने थेट शेण कालवायच्या हौदात सोडली होती, जनावरांचं मूत वाया जाऊ नये म्हणून. हौदातून ते खड्ड्यात. ते मी रोज बघत होते. रोज बघत होते आणि माझ्या स्वच्छतेचं कौतुक करत होते.

तेराव्या-चौदाव्या दिवशी टाकी वर आली नाही. जाळ पिवळा पडला, फडफडला आणि तव्यावरची भाकरी एका बाजूने कच्ची असतानाच गेला. मी म्हटलं, थंडी आहे. थंडीत गॅस कमी होतो हे खरंच आहे, साहेबांनी सांगितलं होतं. टाकीला मी कडब्याने शाकारलं, वर दोन गोधड्या टाकल्या. हे म्हणाले, "तिला काढा बी देऊन बघ." दुसऱ्या दिवशी टाकी आणखी खाली. तिसऱ्या दिवशी खड्ड्यावर टेकली. मग मी म्हटलं, शेजारणीची दृष्ट लागली. मग म्हटलं, मावशी मुद्दाम चांगलं शेण बाजूला ठेवून वाळकं टाकते. शिकलेल्या माणसाला कारणांची कमी नसते.

माळवदावरून सूर्यचूल खाली आणली. नेमकं त्या आठवड्यात आभाळ आलं होतं. खिचडी सकाळी ठेवली, दुपारी काढली, तांदूळ बोटात मोजता येत होते. दोन दिवस शेजारून भाकरी आणल्या. शेजारणीने तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुमच्या त्या बारीक जीवांना काय झालं?" मी परत गेले नाही.

चौथ्या दिवशी अंगणात लांब कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि पऱ्हाट्या पेटवल्या. दार लावलेलं, खिडकीला पोतं. सगळा बंदोबस्त बराबर केला. दोन भाकरी झाल्या आणि वारं फिरलं. सगळा धूर दाराच्या फटीतून आत. आतून खोकल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. मी पेटत्या चुलीवर कळशी ओतली, त्याने धूर दुप्पट झाला. आत धावले. सासूबाई दोन्ही हातांनी डोळ्यावरचं फडकं दाबून बसल्या होत्या आणि खोकत होत्या. हे त्यांच्या पाठीला हात लावून उभे होते. खोकला थांबला तेव्हा हिरव्या फडक्याखालून गालावर पाणी उतरत होतं.

"आत्याबाई, दुखतंय का?"

"न्हाई."

"पाणी येऊन राह्यलं."

"येऊ दे. तू रडू नकोस, तुझंच जास्त येऊन राह्यलं."

त्या दिवशी कोणी भाकरी खाल्ली नाही. आम्ही शेंगदाणे आणि गूळ खाल्ला. डॉक्टरांनी दिलेला थेंब मी डोळ्याऐवजी गालावरच टाकला, तेव्हा ह्यांनी बाटली काढून घेतली. डोळा लाल होता. किती लाल असला म्हणजे गेला समजायचं, हे डॉक्टरांना विचारायचं मी विसरले होते. बाकी सगळं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गोठा झाडायला आली. मी ओट्यावर बसले होते. ती खराटा टेकून उभी राहिली. पाट्या बंद केल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"बाई, एक बोलू का?"

"बोल."

"तुमच्या गोठ्याला दवाखान्याचा वास येऊन राह्यला."

"फेनाईल हाय ते. जंतू मरतात."

"ते दिसूनच राह्यलं. शेणावर माशी न्हाई, किडा न्हाई. उकिरड्यात बी जिथं तुमचं ते पांढरं पाणी गेलं, तिथलं शेण हाय तसंच पडलंय, कुजत न्हाई. ते शेण मेलं, बाई." तिने खराट्याने टाकीकडे दाखवलं. "तुम्हीच तर सांगत होत्या समद्या गावाला, त्यात जीव असत्यात म्हणून."

आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. हसायला मनाई नव्हती, डॉक्टरांनी तेवढं सांगायचं राहिलं होतं. मी उठले. साहेबांनी दिलेली माहितीपुस्तिका फळीवर लोणच्याच्या बरणीखाली होती. पेटवायचं कसं, त्या पानापर्यंत मी ती वाचली होती. पुढच्या पानावर लिहिलेलं होतं, टाकीत साबण, फेनाईल, औषधाचं पाणी जाऊ देऊ नये. त्या ओळीवर तेलाचा गोल डाग पडला होता. तेलाच्या डागातून अक्षर जास्तच स्पष्ट दिसतं.

मी बाहेर आले आणि मावशीला विचारलं, "आता काय करायचं?" मला वाटतं, गावात कोणाला मी विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"दही नासलं तर काय करता?"

"टाकून देते. नवं लावते."

"मंग."

बरंच शेण उपसायचं, ताजं भरायचं, आणि चालू असलेल्या टाकीतली रबडी विरजणासारखी आणून त्यात ओतायची. शेजारच्या गावात एका गुरुजींकडे गोबरगॅस होता, तिथून हे बैलगाडीत पिंप भरून रबडी आणणार. पण ताजं शेण कुठून? सगळ्या गल्लीचं मी आधीच दोन महिने गोळा करून मारून टाकलं होतं, आणि आता माझ्या पाटीसाठी कोणी शेपूटही उचलू देणार नव्हतं.

मावशी म्हणाली, "शेण मी मागून आणते. मला कोणी न्हाई म्हणत न्हाई. पण माझ्या दोन पाट्या मला. आधी माझ्या, मंग तुमच्या मशिनीच्या."

"दिल्या."

"ज्वारी बी राहू द्या. ती बोललेली हाय."

आतून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, सूनबाई. स्वस्तात सुटलीस."

आणि भाकरी? टाकी पुन्हा चालू व्हायला दोन-तीन आठवडे लागणार होते, आणि तोवर घरात चूल पेटवायची नव्हती. मावशी म्हणाली, "पीठ देत जा, मी माझ्या चुलीवर करून आणते. गोवऱ्या जरा शिल्लक हायेत." मी बंद केलेल्या शेणाच्या आधीच्या गोवऱ्या होत्या त्या, पावसाळ्यासाठी राखलेल्या. मावशीचं घर गावाच्या त्या टोकाला, जिकडचं पाणीही आमच्या गल्लीतल्या काही घरांना चालत नव्हतं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. एकीने सासूबाईंना येऊन विचारलंही, "तिच्या हातची खाता?" सासूबाई म्हणाल्या, "भाकरीला डोळे नस्तात. आन् सध्या मला बी न्हाईत. आम्ही दोघी एकमेकींना बराबर जमून घेतो." ती बाई पुन्हा आली नाही.

तीन आठवडे सकाळी सातला मावशी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणायची. माझ्यापेक्षा पातळ, माझ्यापेक्षा गोल. हे एकदा म्हणाले, "गोबरगॅस चालू झाला तरी हे चालू ठेवता येईल का?" मी त्यांच्याकडे बघितलं. ते रानात गेले.

आम्ही उपसलं, भरलं, विरजण लावलं. गोठा नुसत्या पाण्याने धुतला, नालीच्या तोंडाला मी स्वतः दगड आणि माती लावली. फेनाईलचा उरलेला डबा गावाबाहेर नेऊन ठेवला, जसं काही तो चालत परत येणार होता. रोज सकाळी टाकीपाशी जाऊन उभी राहायची. एका सकाळी टाकी दोन बोटं वर आलेली दिसली. मी वाकून पुन्हा पाहिलं, हाताने मोजलं, मग मावशीला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. माझ्या मोजण्यावर माझा विश्वास राहिला नव्हता. दोन बोटंच होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खाली बसले, शेणात.

पण डोळ्याचं काही कळत नव्हतं. लाली दोन दिवसांत उतरली होती. सासूबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "फडक्याखाली सगळं हिरवं दिसतं. चांगलं का वाईट, चाळीस दिवसांनी सांगते." मी दिवस मोजायची. धुराच्या त्या एका सकाळचं डॉक्टरांना सांगायचं की नाही, यावर मी रोज दोन वेळा वेगवेगळा निर्णय घ्यायची.

चाळीस दिवस झाले. आम्ही तिघं पॅसेंजर गाडीने जालन्याला गेलो. डॉक्टरांनी फडकं काढलं, बॅटरीचा उजेड टाकला, वर बघा म्हटलं, खाली बघा म्हटलं, पुन्हा वर बघा म्हटलं. मग विचारलं, "घरी धूर झाला होता का?"

मी तोंड उघडलं. सासूबाई माझ्या आधी म्हणाल्या, "एक डाव झाल्ता. सूनबाईनं लई जपलं मला, डॉक्टर. लई म्हंजी इतकं जपलं, की थोडक्यात वाचले."

डॉक्टर हसले. "डोळा छान आहे," म्हणाले. "स्वच्छ आहे."

छान हा शब्द मी तोवर साडीला आणि आमटीला वापरत होते.

चष्म्याच्या खोलीत एका माणसाने सासूबाईंच्या नाकावर जाड भिंगं चढवली, एक काढलं, दुसरं घातलं. समोरच्या पाटीवरच्या खुणांची तोंडं कोणत्या बाजूला ते त्या हाताने दाखवत होत्या, वर, खाली, डावीकडे. शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्यांनी मान वळवली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, "दाढी करून यायचं व्हतं." मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ. भिंगांतून तो डोळा मोठा, ओला आणि अगदी जागा दिसत होता.

"तुला बघायला आल्ते तवा," त्या म्हणाल्या, "पोरगी गोरी हाय म्हणून मी होकार देल्ता."

"मंग आता?"

"मंग आता काय. सवय झाली तुझी."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि चष्मेवाला म्हणाला, आजीबाई, उतरवू नका, सवय होईस्तोवर रोज थोडा थोडा वाढवा. आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी सवयीने त्यांचा दंड धरायला गेले. त्यांनी तो सोडवून घेतला. त्या चष्म्यात जमीन जवळ दिसते म्हणे, म्हणून पहिल्या पायरीवर त्यांनी पाय जरा उंच उचलला, थांबल्या, दुसऱ्या पायरीला अंदाज आला. मग त्या रस्त्याला लागल्या. दुकानांपुढे थांबत, परातींचे भाव विचारत, काही न घेता पुढे जात. एका दुकानात लुगड्याचा रंग कोणता ते दुकानदाराने चुकीचं सांगितलं म्हणून त्याच्याशी वाद घातला आणि जिंकल्या. स्टेशनपर्यंत त्या पुढे होत्या, आणि मला त्यांच्या चालीने चालता येत नव्हतं.